पिल्लांच्या पोटातला पाहुणा

कारखान्यात उसाचं गाळप सुरू झालं की सांगलीच्या हवेला मळीचा वास येतो. आंबट, गोडसर, थोडा कुजका. नव्यानं राहायला आलेली माणसं नाक मुरडतात आणि खिडक्या लावून घेतात. मी उघडते. परवाच सून म्हणाली, "आई, तुम्हाला हा वास आवडतो की काय?" आवडतो म्हणजे काय! हा वास आला की माझे हात शिवशिवायला लागतात, आणि सत्तरी ओलांडलेल्या बाईला शोभणार नाही अशी घाई अंगात शिरते. कुठंतरी काहीतरी उबवायला ठेवलंय आणि ते बघायला जायचं राहिलंय, असं दिवसभर वाटत राहतं. सुनेला मी एवढंच म्हणाले, "डुकरांची आठवण येते गं." ती बिचारी उठून पलीकडची खिडकी लावून आली.

तो आणीबाणी उठल्यानंतरचा पहिला हिवाळा. हळदपेठेच्या मागं एका भाड्याच्या बंगल्यात आमची छोटीशी पशुरोग प्रयोगशाळा होती. पुढच्या खोलीत गुराकोंबड्यांच्या तपासण्या चालायच्या, मागच्या खोलीत आम्ही दोघं, सर आणि मी. सर परदेशात विषाणू वाढवायला शिकून आले होते, आणि तिथं जे चकचकीत यंत्रांवर केलं ते इथं रॉकेलच्या स्टोव्हवर आणि प्रेशर कुकरात करायला निघाले होते. काचेची भांडी कुकरात शिजायची. शिट्टी झाली की शेजारच्या काकू विचारायच्या, "आज काय बेत?" दारं कितीही घट्ट लावली तरी हळदीची धूळ आत यायचीच. माझ्या पांढऱ्या डगल्याची कॉलर कायम पिवळी असायची. आमच्या आईला वाटायचं, मी लग्नाच्या हळदींनाच हिंडते.

विषाणू साध्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाही. तो वाढायला जिवंत पेशी लागतात. म्हणून आम्ही जनावराचं मूत्रपिंड आणायचो, कात्रीनं बारीक करायचो, त्यातल्या पेशी सुट्या करून औषधाच्या चपट्या बाटल्यांत गुलाबी पोषक पाण्यात घालायचो. बाटली आडवी करून उबेला ठेवली की पेशी काचेला चिकटतात, वाढतात, आणि आठवडाभरात तळाशी शहाबादी फरशी घातल्यासारखा सलग थर तयार होतो. मग संशयित विष्ठेचा गाळलेला अर्क त्यावर सोडायचा. आत विषाणू असेल तर फरशी उखडायला लागते. पेशी फुगून गोल होतात, भिजवलेल्या साबुदाण्यासारख्या, आणि काचेवरून सुटून तरंगायला लागतात. पहिल्यांदा सरांनी मला हे दाखवलं तेव्हा मी डोळा भिंगावरून उचललाच नाही. शेवटी ते म्हणाले, "अगं, मलाही बघू दे."

आणि त्या हिवाळ्यात आम्हाला जे शोधायचं होतं ते रहिमतपूरच्या अलीकडच्या एका गावात, यल्लवाच्या डुकरांच्या पोटात होतं.

यल्लवा कैकाडीण. गावाबाहेर ओढ्याच्या काठी तिची आणि तिच्या भावकीची पालं होती. टोपल्या, कणग्या विणायच्या आणि डुकरं पाळायची. त्या पावसाळ्यात तिच्या काही पिल्लांना हगवण लागली आणि मग त्यांचे मागचे पाय लुळे पडले. त्याच महिन्यात गावच्या सुभेदारांची नात, पाच वर्षांची शालन, तापातून उठली ती एक पाय ओढतच. सांगलीच्या डॉक्टरांनी पोलिओ म्हणून सांगितलं. पण गावानं आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं: पिल्लांचे पाय गेले, पोरीचा पाय गेला, आणि पोरगी तर रोज त्या पिल्लांत खेळायची. गावानं ठरवलं, डुकरांना गोळ्या घालायच्या आणि पालं उठवायची.

सुभेदार फौजेतून निवृत्त झालेले. गोळी तेच घालणार होते, कारण बंदूक त्यांचीच आणि नातही त्यांचीच. गुरांच्या दवाखान्यातून खबर आली म्हणून आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा ते सोप्यात बसून बंदुकीची नळी पुसत होते. सरांनी विनंती केली, थोडं थांबा, आम्ही शोधून सांगतो. सुभेदारांनी सरांकडं बघितलंच नाही, माझ्याकडं बघितलं.

"तू कुनाची गं?"

मी साताऱ्याकडच्या आमच्या गावाचं आणि हवालदार वडिलांचं नाव सांगितलं. त्यांनी पलटणही विचारली. मग म्हणाले, "संक्रांतीपातूर थांबतो. तवर काय शोधायचं त्ये शोधा. संक्रांत झाली की मी कुनाचं ऐकनार न्हाई."

तिथून ओढ्यावर जाऊन आम्ही यल्लवाला हे सांगितलं. ती हातातली टोपली विणतच राहिली. "उठवलं तर कुटं जानार, बाई? म्हागल्या गावानंबी उठवलंच की. हितं जरा पोरं शाळंत जायला लागल्याली." मग एकदम उठली, एक पिल्लू मागच्या पायांना धरून उचललं आणि माझ्यापुढं केलं. "घ्या काय घ्यायचं त्ये."

मी कापसाचा बोळा घेऊन नुसतीच उभी. आमच्या घरात डुकराचं नाव निघालं तरी आई तोंड धुवायला सांगायची. पिल्लू किंचाळत होतं, मी दचकत होते.

"आवं धरा की नीट! त्ये काय बाँब हाय व्हय?" यल्लवा म्हणाली आणि तिच्या सुना फिदीफिदी हसल्या. मी धरलं. गरम होतं, टणक होतं, आणि त्याचं काळीज माझ्या बोटांखाली धडधडत होतं. मला ते फार आवडलं. हे मी घरी कधीच सांगितलं नाही. घरी तर आईनं मला न्हाणीत ढकलून वरून दोन बादल्या ओतल्या आणि माझा पेला वेगळा काढला.

नमुने मिळाले. आता बाटल्यांसाठी डुकराचं मूत्रपिंड हवं होतं. यल्लवानं तेही दिलं. आम्ही तिच्या कळपातलं सगळ्यांत धडधाकट, तुकतुकीत, चारी पायांवर उड्या मारणारं पिल्लू निवडलं. निरोगी जनावराच्या पेशी निरोगी, हा साधा हिशोब. पेशी काय सुंदर वाढल्या! मी दिवसातून कितीदा तरी उबेची पेटी उघडून बघायची आणि सर ओरडायचे, "उघडू नकोस, गारठतील." मग एक दिवस आम्ही आजारी पिल्लांचा अर्क त्यांच्यावर सोडला. दोन बाटल्या तेवढ्या तशाच ठेवल्या. त्यांत काही घालायचं नाही, तुलनेसाठी.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी मी बघते तर काय! साबुदाणा! एका बाटलीत, दुसऱ्यात, तिसऱ्यात. फरशी सगळी उखडली होती. मी ओरडले असणार, कारण पुढच्या खोलीतली माणसं धावत आली. सरांनी स्वतः जाऊन भडंग आणलं, वर कांदा चिरून घातला, आणि आम्ही टेबलाभोवती उभं राहून मुठी भरभरून खाल्लं. सापडला! यल्लवाच्या डुकरांतला चोर सापडला! मला रडू येईल इतका आनंद झाला होता.

तोंडात भडंग असतानाच सरांनी सवयीनं त्या दोन तशाच ठेवलेल्या बाटल्या भिंगाखाली धरल्या. त्यांचं चघळणं थांबलं. मी बघितलं. तिथंही साबुदाणा. आम्ही ज्यांना हातही लावला नव्हता त्या पेशीसुद्धा मेल्या होत्या.

म्हणजे सगळं फुकट. काही चुकलं होतं. पाणी बिघडलं होतं, नाही तर कुकर, नाही तर आम्हीच. मी खुर्चीत बसून राहिले. डोळ्यांसमोर ओढ्यावरची पालं येत होती. संक्रांत जवळ येत चालली होती, आणि आमच्या हाती फक्त मेलेल्या पेशी होत्या.

सर मात्र खोलीत येरझाऱ्या घालत होते. आणि मग ते हसायला लागले. एवढं हसले की मला वाटलं, ह्यांचं डोकं फिरलं.

"अगं, मूत्रपिंड कुठून आणलं आपण?"

"यल्लवाच्याच कळपातलं. सगळ्यांत धडधाकट..."

"धडधाकट! त्या धडधाकटातही तो होताच की! पेशींबरोबर आपणच त्याला बाटलीत घेऊन आलो. तो चोर नाही गं, तो पाहुणा आहे. तो सगळ्यांच्याच पोटात राहतो. बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. एखादं अशक्त पिल्लू तेवढं सापडतं त्याच्या तावडीत."

आमची फजितीच आम्हाला उत्तर सांगत होती! मी उरलेलं भडंग संपवलं. सर म्हणाले, "आता जिथं हा पाहुणा पोचलेला नाही असं डुक्कर हवं."

तसं डुक्कर पाचगणीला होतं. तिथल्या निवासी शाळांच्या स्वयंपाकघरांसाठी एक गोवेकर गृहस्थ पांढरी डुकरं पाळत. सिमेंटच्या कोठ्यात, धुऊन पुसून, बाहेरच्या जनावराला फिरकू न देता. मी पहाटेच्या एसटीनं निघाले. पाचगणीत हिवाळा कसा असतो ते तिथल्या शाळेच्या गेटवर टोपडी घालून उभ्या असलेल्या पोरांकडं बघून कळावं. तोंडातून वाफ निघत होती, रस्त्याकडेला स्ट्रॉबेरीच्या टोपल्या होत्या, आणि मी मात्र डुकरांच्या कोठ्याकडं निघालेली. काम झालं. बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये मूत्रपिंड घेऊन परतीच्या गाडीत बसले. पसरणीचा घाट उतरताना शेजारची म्हातारी त्या थर्मासकडं सारखी बघत होती.

"च्या हाय व्हय गं त्यात? घोटभर दे की. लय गारठलीया मी."

"चहा न्हाई आजी, औषध हाय."

"मंग त्येच दे. खोकला हाय मला."

वाईला गाडी थांबली तेव्हा मी पळत जाऊन तिच्यासाठी खरोखरचा चहा आणला. नाहीतर तिनं झाकण उघडून बघितलंच असतं.

ह्या पांढऱ्या डुकराच्या पेशी वाढल्या आणि तशाच ठेवलेल्या बाटल्या शेवटपर्यंत शाबूत राहिल्या. अर्क घातलेल्या तेवढ्या उखडल्या. आता शंका नव्हती. विषाणू आमच्या हातात होता, वेगळा, एकटा. पण तो कोण? त्याच्या पोटात काय दडलंय?

विषाणू म्हणजे तरी काय, प्रथिनाचं टरफल आणि आत एक धागा. त्या धाग्यात त्याची सगळी वंशावळ असते. धागा दोनच प्रकारचा, डीएनए नाही तर आरएनए. आज माझा नातू मोबाईलवर मला दाखवतो, यंत्र कसं दिवसभरात अख्खा धागा अक्षर न् अक्षर वाचतं. मी थक्क होऊन बघते. पण आमच्यापाशी त्या वेळी असलं काही नव्हतं. आमच्यापाशी होतं फिनॉल. साऱ्या खोलीला कार्बोलिक साबणाचा वास. विषाणू फिनॉलमध्ये घालून खळखळ हलवायचा, की टरफल विरघळून बाजूला होतं आणि वरच्या पाण्यात उघडा धागा उरतो. तो इतका नाजूक की आपल्या बोटांचा घामसुद्धा त्याला खातो. म्हणून काच भट्टीत भाजून घेतली. सरांनी मला ताकीद दिली, नळीवर वाकून बोलायचं नाही. मी न बोलता एवढा वेळ राहिले, हाच त्या प्रयोगातला खरा चमत्कार, असं सर पुढं लोकांना सांगत.

त्या उघड्या धाग्याचे आम्ही तीन वाटे केले. एकात आरएनए खाणारं विकर, म्हणजे एन्झाइम, घातलं, दुसऱ्यात डीएनए खाणारं, तिसरा तसाच. तिन्ही वाटे ताज्या पेशींवर सोडले. आणि मग नुसती वाट. बाहेर गळितासाठी उसाच्या बैलगाड्या कारखान्याकडं चालल्या होत्या, त्यांच्या घुंगरांचा आवाज यायचा. मी खिडकीत उभी राहून ऊस खायची आणि घड्याळाकडं बघायची.

ज्यात आरएनए खाणारं विकर होतं ती बाटली तेवढी वाचली. बाकी दोन्हींतल्या पेशी मेल्या.

मला ते नीट सांगता येत नाही. टरफल नाही, शरीर नाही, नुसता एक धागा, पाण्यातला, डोळ्यांना न दिसणारा. तो पेशीत शिरतो, हुकूम सोडतो, आणि पेशी त्याच्यासारखी पोरं घडवायला लागते! आणि हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं, हळदीची धूळ बसलेल्या आमच्या टेबलावर घडलं होतं. मी सरांचा हात धरून गदागदा हलवला. "आरएनए! सर, आरएनए!"

"हो," सर म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "पोलिओचाही आरएनएच असतो. आतड्यातच राहतो तोही. हे दोघे जवळचे भाऊबंद असणार."

माझे हात तिथंच थांबले. म्हणजे गाव म्हणत होतं त्यात तथ्य असू शकत होतं. आम्ही यल्लवाला वाचवायला निघालो होतो आणि तिच्याविरुद्धचा पुरावाच गोळा करून बसलो होतो. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. पण खोटं कशाला सांगू, तशा काळजीतसुद्धा आतून एक उकळी फुटतच होती: कळायला हवं, काहीही निघो, पण कळायला हवं.

सर मुंबईला गेले आणि माकडाच्या पेशींच्या बाटल्या घेऊन आले. गार पडू नयेत म्हणून अख्खा प्रवास बनियनच्या आत, पोटाशी बांधून. वरून दोन स्वेटर. स्टेशनवर मी त्यांना ओळखलंच नाही. पोट सांभाळत चालणाऱ्या सरांना हमालानं विचारलं, "सायेब, आपरेशन झालंय का?"

पोलिओचा विषाणू माकडाच्या पेशींत झकास वाढतो, कारण माकड माणसाच्या जवळचं. डुकराच्या पेशींत तो वाढत नाही. आता आमचा पाहुणा काय करतो ते बघायचं होतं. ह्या वेळी सगळ्या बाजू पक्क्या करायच्या होत्या. पोलिओच्या लसीत जिवंत पण नरम केलेला विषाणू असतो, म्हणून दवाखान्यातून लसीची एक उरलेली कुपी मागून आणली. माकडाच्या पेशींवर एकीकडं लसीचा थेंब, एकीकडं यल्लवाच्या डुकरांचा विषाणू, आणि काही बाटल्या तशाच. डुकराच्या पेशींवरही हेच.

लसीच्या थेंबानं माकडाच्या पेशी उखडल्या आणि डुकराच्या शाबूत राहिल्या. आमच्या विषाणूनं डुकराच्या उखडल्या आणि माकडाच्या शाबूत. मी एकेक बाटली भिंगाखाली घेत होते आणि माकडाच्या पेशींची ती सपाट, शांत फरशी बघून मला अक्षरशः नाचावंसं वाटत होतं. पुन्हा एकदा सोडून बघितलं. पुन्हा तेच. भाऊबंद असतील, पण ज्याचं त्याचं घर वेगळं! सर म्हणाले, "चल, संक्रांत परवावर आली."

भोगीच्या दिवशी आम्ही गावात पोचलो. घराघरांतून तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीचा खमंग वास येत होता. चावडीपुढं माणसं जमली होती. सुभेदार मध्ये बाजेवर, बंदूक मांडीवर. शालन त्यांना टेकून उभी. यल्लवा आणि तिची माणसं लांब, रस्त्याच्या पलीकडं. सर मला म्हणाले, "तू बोल. तुझं ऐकतील."

मी आमच्या घरच्या बोलीत सगळं सांगितलं. धडधाकट पिल्लाचं सांगितलं, माकडाच्या पेशींचं सांगितलं. धागा म्हणजे काय ते सुतळी हातात धरून सांगितलं. उत्साहाच्या भरात मी किती बोलले देव जाणे, मध्येच कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढं केला. मी थांबल्यावर सुभेदारांनी शांतपणे विचारलं.

"म्हंजी पोलिओ डुकराच्यात वाढत न्हाई."

"न्हाई."

"आन् डुकराचा जो काय हाय, त्यो मानसात?"

"मानसाच्या जवळचं माकड. त्याच्या पेशींत आमी वाढवून बघितला. दोनदा बघितला. न्हाई वाढला."

त्यांनी नातीच्या पायाकडं बघितलं. मग खालच्या आवाजात, जणू फक्त मलाच ऐकू जावं असं म्हणाले, "मग पोरी, गोळी कुनाला घालू मी?"

इतके दिवस मी बाटल्यांकडं बघत होते, ह्या माणसाकडं मी बघितलंच नव्हतं. त्यांना डुकरं मारायची नव्हती. पोरीच्या पायाचा जाब त्यांना कुणाला तरी विचारायचा होता.

"सुभेदार," मी म्हणाले, "शालनला झाला त्यो मानसांतनंच आला. एकाच्या पोटातनं दुसऱ्याच्या पोटात. पान्यातनं, हातातनं. हितल्याच एखाद्या पोरातनं आला आसंल, ज्याला कायबी झालं न्हाई, ज्याच्या आईलाबी ठावं न्हाई."

त्यांनी मान वर करून चावडीभोवतीच्या पोरांवरून नजर फिरवली. आपली पोरं, परकी पोरं, रस्त्यापलीकडं यल्लवाच्या लुगड्याला धरून उभी असलेली पोरं. मग बंदूक मोडून उघडली, आतली काडतुसं काढली आणि खिशात टाकली.

"त्यावर औषध हाय न्हवं?"

"थेंब हायती. पर शालनला आता..."

"शालनचं मला ठावं हाय. मी बाकीच्यांचं इचारतोय. यल्लवाच्या नातवंडांसकट समद्यांचं. कवा आनतीस?"

दवाखान्यात थेंब शिल्लक आहेत की नाहीत, गावापुरते देतील की नाही, सणाच्या दिवशी तिथं कुणी भेटेल की नाही, मला काहीच माहीत नव्हतं.

"उद्या," मी म्हणाले, पदर खोचला, आणि स्टेशनच्या रस्त्यानं पळत सुटले. सर मागून ओरडत होते, "अगं थांब, पॅसेंजर संध्याकाळी आहे!" मी थांबले नाही.